फिजिकल थिएटरचा कोर्स केला: अंग नंतर वळतं, आधी नजर तयार होते

फिजिकल थिएटर म्हणजे संवादापेक्षा शरीराच्या हालचालींतून उभं राहणारं नाटक, आणि त्याच्या कोर्सबद्दल हे लिहितेय. आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. पाचपैकी चार. नाटक शिकत असाल, संवाद पाठ होतात, आवाज बरा लागतो, पण स्टेजवर हातांचं काय करायचं आणि गप्प असताना कसं उभं राहायचं हे कळत नाही अशी अवस्था असेल तर असा कोर्स जरूर करा. एक स्टार कापलाय तो शेवटी शेवटी शिकवलेल्या लिफ्ट्ससाठी, म्हणजे जोडीदाराला अंगावर उचलून घेणं, आणि त्यावर खाली सविस्तर लिहिणार आहे कारण तो भाग नुसता कमी पडला असं नाही, तो धोक्याचा होता. संस्थेचं नाव घेत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते असे कोर्स जिथं जिथं चालतात तिथं सगळीकडे तपासून बघण्यासारखं आहे.

कोर्स नाटकाच्या विद्यार्थ्यांसाठीच होता, म्हणजे अभिनयाचं बेसिक झालेले लोक. बहुतेक सगळं एकाच मॅमनी शिकवलं, लिफ्ट्स आणि कॉन्टॅक्ट वर्कसाठी, म्हणजे अंगाला अंग लावून करायच्या कामासाठी, बाहेरून एक ट्रेनर आले होते. पाया झाक लेकॉक या फ्रेंच नाट्यशिक्षकाच्या पद्धतीचा, त्यात हालचालींचे प्रकार पाडणारा लाबान बराच, रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड आणि फ्रेंच माइम शिक्षक डेक्रू चवीपुरते, मग व्ह्यूपॉइंट्स, म्हणजे काळ आणि जागेकडे लक्ष ठेवून ग्रुपने आयत्या वेळी हलायची पद्धत, आणि शेवटी ग्रुपने स्वतः उभं केलेलं छोटं सादरीकरण. वाचताना ही खूप मोठी यादी वाटते आणि खरंतर आहेच, एका कोर्समध्ये एवढं सगळं कोंबू नये असं माझं मत आहे, पण त्यातला पहिला निम्मा भाग इतका चांगला होता की बाकीच्याबद्दल तक्रार करताना पण मी तो विसरू शकत नाही.

जाहिरातीत काय असतं, तर हवेत उचललेली मुलगी, कोणीतरी पूर्ण कमरेतून मागे वाकलेलं, काळे कपडे, मागे धूर. त्यामुळे सगळे येतात ते अंग लवचिक करायला, कोलांट्या शिकायला. आणि सुरुवातीचे कितीतरी सेशन्स आम्ही फक्त चाललो. खरंच नुसतं चालणं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेकट्याने, आणि बाकी सगळे भिंतीला टेकून बसून बघणार. चालताना तुमचं कुठलं अंग पुढे जातं, नाक, छाती, पोट, कंबर की गुडघे, हे बाकीच्यांनी सांगायचं. मग ज्याची छाती पुढे जाते त्याला सांगायचं की आता कपाळ पुढे ने, आणि तोच माणूस बघता बघता दुसराच कोणीतरी वाटायला लागतो, वय बदलतं, स्वभाव बदलतो, तो कुठून आला आणि कुठं चाललाय हे सुद्धा बदलल्यासारखं वाटतं. यात एक शब्द बोललेला नाही, चेहऱ्यावर काही आणलेलं नाही.

आता खरा मुद्दा. बघणाऱ्यांना एक कडक नियम होता. जे दिसलं तेवढंच बोलायचं. "तो दुःखी वाटला" असं म्हटलं की मॅम लगेच विचारायच्या, काय दिसलं म्हणून दुःखी वाटला ते सांग. मग माणूस अडकतो, आठवायला लागतो, आणि हळूहळू सांगायला लागतो की पाऊल पडायच्या आधी मान खाली जात होती, उजवा हात हलत होता पण डावा अंगाला चिकटलेला होता, दाराजवळ आल्यावर श्वास थांबला. सुरुवातीला हे फार कंटाळवाणं वाटतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांची हीच तक्रार होती की वेळेतला निम्मा वेळ आपण बसूनच असतो, आपण करायला आलोय की बघायला. पण माझ्या मते ह्या कोर्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट हे बसून बघणंच आहे. कारण स्वतःच्या शरीराला आपण आतून ओळखतो, आणि आतून जे वाटतं ते बाहेर दिसतंच असं अजिबात नाही. आत केवढं तरी दाटून आलेलं असतं आणि बाहेर फक्त खांदे वर गेलेले दिसतात. दुसऱ्याच्या अंगावर हे शंभरदा बघितल्याशिवाय ते आपल्या अंगात कसं शोधायचं हे कळतच नाही. थिअरीच्या पेपरला आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असे चार अभिनय आपण सगळेच लिहितो, पण त्यातलं पहिलं, म्हणजे शरीराचं, नीट बघायला कोणी शिकवलेलं नसतं, डायरेक्ट करायलाच लावतात.

न्यूट्रल मास्कबद्दल थोडं जास्त लिहिते कारण त्यासाठीच मी हा कोर्स घेतला होता. न्यूट्रल मास्क म्हणजे असा मुखवटा ज्यावर कुठलाच भाव नाही, हसू नाही, राग नाही, भूतकाळ नाही. लेकॉक मूळचा व्यायाम आणि खेळाच्या जगातला माणूस, जन्म 1921 चा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो इटलीला गेला, तिथं आठ वर्षं राहिला, पादुआमध्ये आमलेतो सार्तोरी नावाच्या शिल्पकाराबरोबर चामड्याच्या मुखवट्यांवर काम केलं आणि 1956 मध्ये पॅरिसला परत येऊन स्वतःची शाळा काढली. त्याच्याही आधी झाक कोपो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या शाळेत चेहरा झाकून नट घडवायचे प्रयोग झालेले होते, 1920 च्या दशकात, तिथं त्याला नोबल मास्क म्हणायचे. म्हणजे ही कल्पना जुनी आहे आणि कितीतरी हातांमधून तावूनसुलाखून आलेली आहे.

मास्क हातात द्यायच्या आधी त्याचे नियम शिकवले आणि ते नियम मला फार आवडले. प्रेक्षकांकडे तोंड करून मास्क चढवायचा नाही, पाठ करायची. चढवल्यावर त्याला समोरून हात लावायचा नाही. मास्क घालून बोलायचं नाही. जमिनीवर पालथा टाकायचा नाही. आणि चढवायच्या आधी थोडा वेळ हातात धरून नुसतं बघायचं. काही मुलांना हे जरा देवघरासारखं वाटलं, पण यामागे साधं कारण आहे, मास्क सरळ करायला हात वर गेला की बघणाऱ्याला मागचा विद्यार्थी दिसतो आणि मग पुढे काहीही केलं तरी तो विद्यार्थीच दिसत राहतो.

एक्सरसाइज ऐकायला इतक्या सोप्या की विश्वास बसत नाही. जाग येणं. म्हणजे जमिनीवर झोपलेले आहात, पहिल्यांदाच जागे होताय, उठा आणि जग बघा. किंवा धक्क्यावर उभं राहून लांब जाणाऱ्या बोटीतल्या माणसाला निरोप देणं. किंवा तो मोठा प्रवास, समुद्रातून बाहेर यायचं, जंगल ओलांडायचं, डोंगर चढायचा, उतरायचं, नदी पार करायची, आणि सपाट माळावर पोचून सूर्य मावळताना बघायचा. मास्क नसताना हे कोणीही करेल, चेहऱ्याने वेळ मारून नेईल. मास्क चढला की चेहरा गेला, आणि मग बाकीचं शरीर ओरडून सांगायला लागतं. आमच्यात एक मुलगा आहे, आवाज असा की मागच्या रांगेपर्यंत कुजबुज पोचते, प्रत्येक नाटकात मुख्य भूमिका त्यालाच. बोटीला निरोप देताना त्याचा उजवा हात छान वर गेला, पण डाव्या हाताची बोटं सतत मांडीवर वाजत होती. त्याला पत्ताच नव्हता. आम्ही आतापर्यंत एवढ्या तालमी एकत्र केल्या, आम्हालाही पत्ता नव्हता, कारण त्याच्या आवाजामुळे आम्ही कधी त्याच्या डाव्या हाताकडे बघितलंच नव्हतं. दुसऱ्या एका मुलीचं उलट, ती इतरवेळी मागे मागे असते, लाजते, पण मास्कमध्ये ती फक्त उभी राहिली आणि सगळा हॉल गप्प झाला. मॅमनी तिला विचारलं नाही की तुला काय वाटलं. आम्हाला विचारलं, काय दिसलं. कोणीतरी म्हणालं, वजन दोन्ही पायांवर सारखं होतं आणि मान हलायच्या आधी नजर गेली. बस, एवढंच. पण ते ऐकून त्या मुलीला कळलं की आपण नेमकं काय केलं, आणि पुढच्या वेळी ती ते ठरवून करू शकली. "खूप छान केलंस" म्हटलं असतं तर तिला काहीच मिळालं नसतं.

तक्रार एवढीच की मास्क कमी होते आणि बहुतेकांना ते नीट बसत नव्हते. मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटून बसायला नको, चेहऱ्यापेक्षा किंचित मोठा आणि थोडं अंतर ठेवून असायला हवा, नाहीतर डोळ्यांची भोकं भलतीकडे जातात आणि माणूस पूर्ण वेळ आपला तोल सांभाळण्यातच राहतो. लेकॉकच्या पद्धतीत पुरुषी आणि बायकी असे दोन वेगळे मास्क असतात, आमच्याकडे एकाच साच्यातले सगळे. घाम पुसायला, आतून साफ करायला वेळच ठेवला नव्हता, एकाच्या चेहऱ्यावरून काढून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. ही गोष्ट कुठल्याही संस्थेने सहज सुधारावी अशी आहे.

मग टेन्शन लेव्हल्स, म्हणजे शरीरात किती ताण आहे त्याच्या पायऱ्या. सात पातळ्या असतात, प्रत्येक शिकवणारा त्यांना आपापली नावं देतो, पण गाभा तोच. पहिलीत शरीर पूर्ण गळालेलं, जणू हाडंच नाहीत, हलायचं म्हटलं तरी जीवावर येतं. दुसरीत सैल, निवांत, जे होईल ते होईल. तिसरी न्यूट्रल, जेवढं काम तेवढीच ताकद, ना कमी ना जास्त. चौथीत सावध, कुतूहल, काहीतरी शोधतोय, बहुतेक कॉमेडी इथं सुरू होते असं मला बघून बघून वाटायला लागलंय. पाचवीत संशय, दाराबाहेर काहीतरी आहे, सगळा ताण डोळ्यात आणि पाठीत. सहावीत ते काहीतरी आतच आलंय, आवेग, हालचाल मोठी. आणि सातवीत शरीर थिजतं, इतका ताण की हलता येत नाही, बोलता येत नाही.

आमच्याकडून करून घेतलं ते असं. दोन माणसं, वाट बघतायत, संवाद फक्त चार, "आला नाही अजून", "येईल", "किती वाजले", "माहीत नाही". एकाला दुसरी पातळी दिली, दुसऱ्याला पाचवी. मग अदलाबदल. मग एकाला मधेच चौथीवरून सहावीत न्यायचं पण संवाद तेच. तेच चार शब्द कधी दवाखान्याच्या बाहेरचे वाटले, कधी पळून जाणाऱ्या जोडप्याचे, कधी तर हसून हसून पुरेवाट. स्क्रिप्टवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही असं मी छातीठोकपणे सांगेन. दिग्दर्शक "एनर्जी वाढव" म्हणतो तेव्हा आपण सगळे आवाज वाढवतो. आता मी विचारते की चौथी की पाचवी, आणि आमच्या तालमीत बाकीचेही तसंच बोलायला लागलेत, त्यामुळे वेळ वाचतो आणि भांडणं पण कमी होतात.

लाबानचा भाग चार्टवरून सुरू झाला, इथं जरा गडबड झाली कारण ज्यांना चार्ट बघून झोप येते ते तिथंच गळाले. पण समजून घेतलं तर फार सरळ आहे. रुडॉल्फ लाबान, जन्म 1879, नृत्यातला माणूस, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कारखान्यातल्या कामगारांच्या हालचालींचा अभ्यास त्याने केला, कमी दमून काम कसं होईल यासाठी. कुठलीही हालचाल घ्या आणि तीन प्रश्न विचारा. ती सरळ जाते की वळणं घेत, झटकन होते की रेंगाळत, जड आहे की हलकी. तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणून आठ प्रकार. सरळ, झटकन आणि जड म्हणजे ठोसा. सरळ, रेंगाळत आणि जड म्हणजे ढकलणं. वळणदार, झटकन, जड म्हणजे सपकन वार. वळणदार, रेंगाळत, जड म्हणजे पिळणं. हलक्यात या, सरळ आणि झटकन म्हणजे टिचकीसारखं टिपणं, सरळ आणि रेंगाळत म्हणजे सरकणं, वळणदार आणि झटकन म्हणजे झटकून टाकणं, वळणदार आणि रेंगाळत म्हणजे तरंगणं. आता हेच आवाजाला लावा. "इकडे ये" हे दोन शब्द पिळून म्हणा आणि मग टिपून म्हणा. पहिल्यात आई आजारी आहे, दुसऱ्यात शाळेतली बाई आहे. हात न हलवता, फक्त आवाजात. मला हे कळलं तेव्हा खूप आनंद झाला कारण शरीर आणि आवाज वेगवेगळ्या तासांना शिकवतात म्हणून ते वेगळे आहेत असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, आणि तसं मुळीच नाही.

तरीही याला खूपच कमी वेळ दिला, आणि एकूणच आवाजावर काम कमी झालं. फिजिकल थिएटर करणारे बोलायला लागले की फसतात असं जे म्हटलं जातं त्याचं कारण इथंच आहे, कोर्सवाले आवाज बाजूला ठेवतात. श्वास तर दोन्हीकडे एकच आहे ना.

मेयरहोल्डच्या बायोमेकॅनिक्सचा, म्हणजे नटांसाठीच्या त्याच्या हालचालींच्या व्यायामांचा, एकच तुकडा केला. कुठलीही क्रिया करायच्या आधी उलट दिशेला छोटी तयारी, त्याला ओत्काझ म्हणतात. पुढे झेपावायचं तर आधी मागे, वर उडायचं तर आधी खाली. मग क्रिया, मग थांबणं. याने हालचाल वाचता येते, प्रेक्षकाला कळतं की आता काहीतरी होणार. या माणसाला स्टालिनच्या राजवटीत 1940 मध्ये गोळी घातली आणि त्याचं कामही कितीतरी वर्षं दाबून टाकलं होतं, तरी ते एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जात टिकलं, हे मॅमनी सांगितलं तेव्हा हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. डेक्रूचं काउंटरवेट, म्हणजे नसलेलं वजन शरीराच्या तोलातून दाखवणं, तेही असंच थोडक्यात झालं. हवेतला दोर ओढताना सगळे हातांनी ओढतात आणि दोर दिसत नाही. वजन मागच्या पायावर आधी गेलं, कंबर बसली, मग हात आले, तर दोर दिसतो. एवढं कळलं तरी पुरेसं आहे.

व्ह्यूपॉइंट्सचा भाग मला मॅमच्या सगळ्यात हातखंड्याचा वाटला. मूळ कल्पना मेरी ओव्हरली या नृत्यदिग्दर्शिकेची, तिचे सहा होते, ॲन बोगार्ट आणि टीना लँडाव यांनी पुढे नाटकासाठी त्यावर काम केलं, त्यांच्याकडे काळ आणि अवकाशाचे मिळून नऊ झाले, वेग, कालावधी, प्रतिसाद, पुनरावृत्ती, आकार, हावभाव, जागेची रचना, आपसातलं अंतर आणि जमिनीवरचा मार्ग. शिकवायची पद्धत अशी की जमिनीवर काल्पनिक चौकट आखलेली आहे, तिच्या रेषांवरूनच चालायचं, काटकोनातच वळायचं, आणि कोणीही काही ठरवायचं नाही. कोणी थांबलं की त्याचा परिणाम तुमच्यावर होऊ द्यायचा. नजर कोणावर रोखायची नाही, मऊ ठेवायची म्हणजे कडेचंही दिसतं. सुरुवातीला सगळे हुशारी करतात, मुद्दाम थांबतात, मुद्दाम पळतात, काहीतरी इंटरेस्टिंग घडवायला बघतात. मग कधीतरी ते गळून पडतं आणि सगळा ग्रुप एकाच क्षणी थांबतो, कोणी सांगितलेलं नसताना. इथं मला पहिले ते बसून बघण्याचे तास आठवले, कारण ज्यांनी तिथं मन लावून बघितलं होतं तेच इथं पटकन ऐकायला लागले, अंगाने ऐकायला. ज्यांनी तेव्हा भिंतीला टेकून मोबाईल बघितला ते इथं सतत अर्धा क्षण मागे.

आता लिफ्ट्स. ट्रेनर स्वतः उत्तम होते, त्यांचं शरीर बघत राहावं असं, पण शिकवायची घाई होती आणि वॉर्मअप नावापुरता झाला. फरशीवर पातळ कार्पेट, मॅट्स भिंतीला लावून ठेवलेल्या. बाजूला धरायला कोणी नेमलेलं नाही. उचलणं हे ताकदीचं काम नाही हे त्यांनी बरोबर सांगितलं, वजन आपल्या मध्याजवळ घ्यायचं, कंबरेला कंबर, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, जोर पायातून यायला हवा आणि भार हाडांवरून खाली जमिनीत गेला पाहिजे, हातांवर नाही. वर जाणाऱ्याने अंग सैल सोडायचं नाही, पोट आणि पाठ घट्ट ठेवायची, दोघांनी श्वास एकत्र घ्यायचा. हे सगळं बोलून झालं पण करून घ्यायचे टप्पे गाळले. आधी नुसतं एकमेकांना टेकणं, मग थोडं वजन देणं, मग पाठीवर घेणं, मग पाय जमिनीवरून सुटणं, असं एकेक पायरी व्हायला हवं. आमचं थेट खांद्यावर. आणि उतरायचं कसं हे चढल्यावर ठरवलं जात होतं, जे उलटं आहे, बाहेर पडायचा रस्ता आधी ठरतो. एका मुलीच्या घोट्याला लागलं, सुदैवाने फार नाही, पण बर्फ आणायला कोणी जायचं यावरच बराच वेळ गेला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पोझिशन सुधारताना ट्रेनर न विचारता हात लावत होते. त्यांच्या मनात काही वाईट नसेल, त्यांच्या पिढीत असंच शिकवलं गेलं असेल, पण ज्या कामात अंगाशी अंग लागणारच आहे तिथं विचारणं हा शिकवण्याचाच भाग आहे. मॅम प्रत्येक वेळी विचारायच्या, "पाठीला हात लावू का?" आणि नाही म्हटलं तर तोंडी सांगायच्या, चेहरा न पाडता. आमच्याकडून पण जोडीदाराला हेच करून घ्यायच्या, आज कुठं लागलेलं आहे, कुठं हात चालणार नाही, हे रोज नव्याने विचारायचं कारण शरीर रोज वेगळं असतं. एकाच कोर्समध्ये दोन टोकं बघितली त्यामुळे फरक फार ठसठशीत दिसला. आम्ही काही जणांनी हे लेखी कळवलं, उत्तर आलं, पुढच्या बॅचला तो भाग मॅमच्या देखरेखीखाली असेल असं म्हणाले. तसं झालं तर मी पाचवा स्टार आनंदाने देईन.

शेवटचं सादरीकरण ग्रुपमध्ये. लेकॉकच्या शाळेत विद्यार्थी रोज काही वेळ शिक्षकांशिवाय आपापसात काम करतात आणि आठवड्याच्या शेवटी दाखवतात, त्याच धर्तीवर. आम्हाला विषय दिला "पाणी शिरलं". बस. यात सगळ्या ग्रुप्सचं एकच होतं, बसून चर्चा. थीम काय, मेसेज काय, कॅरेक्टर कोण. मॅमनी मग नियम केला की पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचंच नाही, उठून काहीतरी करायचं, दुसऱ्याने त्याला प्रतिसाद द्यायचा. याने इतका फरक पडला की आता आमच्या नेहमीच्या नाटकाच्या तालमीतही आम्ही अडकलो की तोंड बंद करून उठतो. आमच्या तुकड्यात घर दाखवायला एक खुर्ची सुद्धा नव्हती, पाणी वर चढतंय हे फक्त सगळ्यांचे श्वास हळूहळू छातीत वर वर येण्यातून दाखवलं होतं, आणि ज्यांनी बघितलं त्यांनी पाण्याची पातळी कुठवर आली ते हात लावून दाखवलं. ते बघून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. बाकी सादरीकरणाच्या दिवशी मात्र प्रत्येक ग्रुपला स्टेजवर रंगीत तालमीला वेळच नव्हता, लाइट्स अंदाजाने पडत होते, हे नियोजन सुधारायला हवं.

मॅमच्या शिकवण्याबद्दल मतं दोन होती. त्या कधीच करून दाखवायच्या नाहीत. "असं कर" नाही, फक्त "हे नाही". काहींना हे फार जड गेलं, एक जण मधेच सोडून गेला. मला हे पटतं, कारण करून दाखवलं की सगळा वर्ग मॅमची नक्कल करतो आणि सगळ्यांचं शरीर एकसारखं हलायला लागतं. पण त्यांच्या प्रत्येक "नाही" मागे कारण यायचं, काय दिसलं ते यायचं, म्हणून ते सहन होत होतं. नुसतं नाही नाही म्हणणारे शिक्षकही असतात, त्यांच्याकडे हे शिकू नका, माणूस आतून मिटून जातो.

आणि ज्यांना वाटतं की आपलं वजन जास्त आहे, गुडघा दुखतो, पाय डोक्याला लागत नाही, आपल्याला हे जमणार नाही, त्यांच्यासाठी. आमच्यात एक दादा होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, जमिनीवर बसताही यायचं नाही. जाग येण्याचा एक्सरसाइज त्यांनी खुर्चीवरून केला आणि अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त बघण्यासारखा तोच झाला. त्यांच्याकडे वाया घालवायला हालचालच नव्हती, त्यामुळे एक हात उचलला तरी तो दिसायचा. लवचिकपणा उपयोगी आहे, नाही कसं म्हणू, पण तो नंतरचा आहे.

प्रवेश घ्यायच्या आधी फोन करून नीट विचारा. जमीन लाकडी आहे का, मॅट्स वापरतात की भिंतीला लावून ठेवतात, बॅचमध्ये किती जण, मास्क किती, लिफ्ट्स असतील तर किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली, प्रथमोपचार कोणाला येतात. एखादं सेशन बसून बघू देता का हे पण विचारा, जे बघू देतात ते बहुधा चांगले असतात. कपडे साधे, गडद रंगाचे, अंगाला फार घट्ट नाही आणि फार ढगळ पण नाही, नाहीतर गुडघा वाकलाय की नाही हेच बघणाऱ्याला कळत नाही. अंगठ्या, घड्याळ, कानातलं घरी ठेवा, नखं कापा, अनवाणी काम असतं. दुखणं, जुनी इजा, काही असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. वही न्या, पण ती बसलेले असतानाच्या वेळात भरा, काय वाटलं ते लिहू नका, काय दिसलं ते लिहा. आणि परीक्षेचं किंवा मोठ्या प्रयोगाचं काम त्याच दिवसांत असेल तर ही बॅच सोडा आणि पुढची घ्या, कारण सुरुवातीचे तास बुडवले तर पुढचं सगळं फक्त व्यायाम होऊन बसतं.